सात नंबरचा दगड

मुलांनो, डोळे मिटा आणि एक आगगाडी समोर आणा. इंजिन? नाही. डबे? नाहीत. रूळ? तेही नाहीत. फक्त माळावर एकामागून एक रोवलेले पांढरे दगड, प्रत्येकावर लाल रंगात आकडा. आता डोळे उघडा. रायापूरच्या मागची आगगाडी ती एवढीच. वीस वर्षांत तिचं तीनदा भूमिपूजन झालं, शिट्टी एकदाही वाजली नाही.

पूजेची रीत ठरलेली. निवडणूक जवळ आली की मंडप पडायचा. पुढारी मोटारीतून उतरायचे, सात नंबरच्या दगडाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि पेढे खाऊन निघायचे. सातच नंबर का? मोटार तिथवरच जायची. बाकीच्या दगडांपर्यंत चालावं लागलं असतं.

हा सात नंबर नूतनच्या अंगणात होता, कडुलिंबाखाली. नूतन पाचवीत. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो; दगडापुढे हात जोडायची पद्धत नव्हती. पण शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्का रोज सकाळी त्याच्यावर फूल ठेवून जात, आणि नूतनची आई रेश्मा त्यांना कधी अडवत नसे. रेश्मा शिवणकाम करायची. एकाच खोलीत मशीन, शेगडी आणि नूतनचं दप्तर. तिला अंगणात एक खोली वाढवायची होती. परवानगी मागायला ती गेली, तर कारकुनाने नकाशा पसरला. लाल रेघ बरोबर अंगणातून गेलेली.

"इथून रेल्वे येणार, बाई. बांधता येणार नाही."

"कधी येणार?"

"अजून मंजूर नाही."

"मग रेघ पुसा."

"मंजूरच झाली नाही, ती रद्द कशी करणार?"

हे बोलताना त्याला हसूसुद्धा आलं नाही. पाचवीतल्या मुलाने मला असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला शेजारी बसवून पुन्हा विचार करायला लावलं असतं. या माणसाला मात्र लोक साहेब म्हणतात.

त्याच आठवड्यात शाळेत सरळ रेषेचा धडा झाला. नूतनने आईचं दोऱ्याचं रीळ उचललं, माळावर जाऊन सहा नंबरच्या दगडाला दोरा बांधला आणि आठ नंबरपर्यंत ताणला. दोरा गटाराच्या कडेने गेला. सात नंबरचा दगड त्यापासून वीस पावलं आत, तिच्या अंगणात.

"अक्का, हा दगड इथं कुणी आणला?"

"आमच्या यजमानांनी. तुमचं घर नव्हतं तेव्हा. पहिली पूजा गटारापाशी झाली ना. पूजा झालेला देवरु, देवच की तो, घाणीत कसा ठेवायचा, बाळ? ओढून झाडाखाली आणला."

आता साहेबांचं कौतुक बघा. पुढच्या दोन्ही पूजांच्या आधी मोजणीला माणसं आली, दगड दिसला तिथे खूण केली आणि नकाशावर रेघ कोपरासारखी वाकवली. आगगाडी अशी वाकते का, हा प्रश्न एकालाही पडला नाही. सगळे शिकलेले होते, हे विशेष.

"दगड परत तिथं ठेवूया का, अक्का?" नूतनने विचारलं.

"घाणीत?"

"आधी जागा साफ करू."

अक्कांनी दगडावरचं फूल उचललं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईच्या खोलीसाठी हं. नाहीतर हलवला नसता."

रविवारी तिघींनी गटाराच्या काठचं गवत काढलं, कचरा उचलला. पहारीने दगड सुटा केला आणि गोणपाटावरून ओढत नेऊन दोऱ्याखाली बसवला. अक्कांनी त्याला हळद लावली आणि हळूच म्हणाल्या, "रागावू नका."

निवडणूक पुन्हा जवळ आली होती; सोमवारी चौथं भूमिपूजन. काठ साफ झाला होता, गटार मात्र वाहतंच होतं. पुढारी नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"दगड इथं कसा?"

इंजिनिअरने नकाशा उलटसुलट केला. "साहेब, नकाशात तर अंगणात आहे."

"तो आधी इथंच होता, काका," नूतन म्हणाली.

"नकाशा चुकत नाही, बाळ."

"मग हे धरा." तिने दोऱ्याचं टोक त्याच्या हातात दिलं, त्याला सहा नंबरपाशी उभं केलं आणि स्वतः रीळ सोडत आठ नंबरपर्यंत चालत गेली. दोरा बरोबर सात नंबरच्या डोक्यावरून गेला. इंजिनिअर टोक धरून तसाच उभा. नोकरीत पहिल्यांदाच तो काहीतरी मोजत होता.

"सरळ आहे ना?" पुढारी रुमालाआडून म्हणाले. "मग सरळ काढा की रेघ. इथं किती वेळ उभं राहायचं?"

इंजिनिअरने जुनी रेघ खोडली, नवी ओढली, खाली सही केली. रेश्माच्या विनंतीने जे झालं नाही ते एका गटाराच्या वासाने झालं. नारळ फुटला, पेढे वाटले, पुढच्या वर्षी गाडी येणार असल्याचं जाहीर झालं आणि मोटारी निघून गेल्या.

नूतन पेढ्यासाठी थांबली नाही. ती अंगणात गेली, दगडाच्या रिकाम्या खड्ड्यात तिने एक खुंटी ठोकली, तिला दोरा बांधला आणि आईला हाक मारली, "आई, खोलीचा दुसरा कोपरा कुठं घ्यायचा?"