काळी नळी

काळं भांडं दिसलं की आमच्या आईचे हात शिवशिवतात. त्यातून पाहुणे यायचे असले, तर विचारूच नका. त्या दिवशी नेमके पाहुणे यायचे होते, आणि तेही बायकोच्या कॉलेजचे प्राचार्य.

बायको रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात गच्चीवर दुसरा संसार मांडते. आरशांची एक लांब पन्हळ आणि तिच्या मधोमध तांब्याची नळी. नळीतून मिथेनॉल आणि पाण्याची वाफ सोडायची, आरशांनी उन्हावर ती तापवायची, म्हणजे आत भरलेल्या भुकटीमुळे त्या वाफेतून हायड्रोजन सुटतो. तो एका डबीत गेला की वीज होते आणि दिवा लागतो. मी शिंपी माणूस, मला एवढंच कळतं. पण दिवा लागलेला मी स्वतः पाहिलाय. आज तो प्राचार्यांसमोर लागला, तर तिला कॉलेजात प्रयोगासाठी खोली मिळणार होती. नाही लागला, तर सगळं मोडीत, कारण घरमालकाला गच्ची रिकामी हवी होती.

सकाळी आम्ही दोघं वर गेलो, तर नळी दागिन्यासारखी लखलखत होती. शेजारी आई उभी, हातात तारेची घासणी आणि पिळलेलं लिंबू.

"किती राप चढला होता गं," ती कौतुकाने सुनेला म्हणाली.

तो राप नव्हता, मुद्दाम दिलेला काळा रंग होता. काळी होती म्हणूनच नळी ऊन शोषून घ्यायची. आता ते परतून जाणार होतं. बायकोने हे आवाज न चढवता समजावलं. मी मात्र भडकलो होतो, तोंड उघडणार तोच तिने नजरेनेच मला गप्प केलं. आई घासणी पदराआड लपवू लागली. रंग बाहेरून मागवावा लागायचा आणि प्राचार्य दुपारी येणार होते.

बायको पाण्याच्या टाकीला टेकून जरा वेळ बसली. मग तिने विचारलं, "आई, भांड्यावर पटकन काजळी धरते ती कशी?"

"वात फाजील वर केली की," आई डोळे पुसत म्हणाली, आणि उठलीच.

बायकोने आधी मिथेनॉलचा कॅन खाली नेऊन ठेवला आणि आरशांवर माझ्या दुकानातलं अस्तर अंथरलं. आई रॉकेलची जुनी चिमणी पेटवून नळीखाली धरत सरकू लागली. कुठे तांबं डोकावलं की परत मागे यायची. घासताना जेवढी चिकाटी, तेवढीच काळं करताना. तिच्या नाकावर काजळी लागली होती, पण ते सांगायची माझी काय बिशाद!

प्राचार्य आले तेव्हा चिमणी विझवून, आवरून झालं होतं. नळी तापली, वाफ सुटली, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. बायको माझी बाही घट्ट धरून उभी होती. मग दिवा आधी मिणमिणला, नंतर नीट लागला. मला इतका आनंद झाला की चहा आणायचंच विसरलो.

प्राचार्यांनी सोमवारपासून खोली देऊ केली. जाता जाता म्हणाले, "फक्त ही नळी जरा घासून आणा. कॉलेजात बरी दिसेल."

सुनेने काही बोलायच्या आत आई पुढे झाली.

"ती घासायची नसते, साहेब," ती म्हणाली. "मी आहे तोवर तिला कोणी घासणी लावणार नाही."