अडीचच्या मापाचं कडं

मी एक जुना फिल्टर आहे. नाव ऐकून लगेच पाण्याच्या नळाकडे पाहू नका, मित्रांनो. पाण्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे जी पारदर्शक काच पिळून बसवतात ना, तो मी. एक गोल काच आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमचं काळं कडं, एवढाच माझा संसार. कड्याला स्क्रूसारखे बारीक आटे, त्यांच्यावरच माझी पकड. लेन्सवर येणारी धूळ, पाणी, धक्का आधी माझ्यावर यावा, यासाठी माझा जन्म.

बदनापूरला स्टेशनजवळ साहेबरावांचा फोटो स्टुडिओ आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या हौसेने लेन्स घेतली आणि तिच्यासोबत मीही आलो. साहेबरावांनी मला लेन्सवर चढवलं, पिळलं, आणखी पिळलं, आणि हातरुमालाने धरून वर आणखी एक जोर दिला.

"आता जिंदगीभर न्हाई निघत हा," ते समाधानाने म्हणाले.

मला तो आशीर्वादच वाटला. खरं तर चूक तिथेच झाली होती, पण नव्याच्या नऊ दिवसांत कोणाला चूक दिसते?

मग आमची कामाची वर्षं सुरू झाली. मंठ्यापासून बदनापूरपर्यंत किती लग्नं, किती बारशी, किती जयंत्या पाहिल्या, त्याची गणतीच नाही. हळदीची पूड, फुलांच्या पाकळ्यांचा चुरा, रस्त्याची धूळ, सगळं माझ्या तोंडावर यायचं आणि थोडं थोडं आट्यांत जाऊन बसायचं. साहेबराव शर्टाच्या टोकाने काच पुसायचे, पण मला काढून आटे साफ करावेत हे त्यांना कधी सुचलं नाही. लोक फोटो बघून म्हणायचे, "काय लेन्स हाय साहेबराव, बिलकुल कडक!" 'काय फिल्टर आहे' असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात कुढायचो.

पुढे साहेबरावांचे हात थरथरायला लागले आणि कॅमेरा त्यांच्या मुलीच्या, भावनाच्या, गळ्यात आला. मंठ्याचं लग्न हे तिचं एकटीचं पहिलं काम. सकाळी निघताना साहेबरावांनी लेन्सवरून हात फिरवला होता. "जपून बरं का," एवढंच ते म्हणाले. काम झकास झालं. शेवटी स्टेजवरून उतरताना तिचा पाय लाइटच्या वायरीत अडकला, ती सावरली, पण कॅमेरा लोखंडी कोपऱ्यावर आपटला. लेन्सला काही झालं नाही. मला आरपार तडा गेला आणि माझं कडं एका बाजूने चेपलं.

भावना तिथेच खुर्चीवर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. घरी आल्यावर तिने वडिलांना काहीच सांगितलं नाही. रविवारी बदनापुरातच लग्न होतं आणि माझ्या तड्यामुळे प्रत्येक फोटोत नवरीच्या कपाळावर पांढरा पट्टा उमटला असता. मला काढणं भागच होतं. तिने बोटांनी पिळून पाहिलं, कापडाने धरून पाहिलं. मी तसूभर हललो नाही. मित्रांनो, हा माझा हट्ट नव्हता. आमचं कडं पातळ असतं. दोन बाजूंनी दाबलं की ते लंबुळकं होतं आणि आट्यांत आणखी रुततं. जेवढा राग काढाल, तेवढा मी घट्ट.

शुक्रवारी दुपारी ती मला लेन्ससकट घेऊन जुन्या जालन्यात गेली. तिथे संघपालचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"जय भीम, ताई," संघपाल म्हणाला. त्यानेही दोन-तीनदा जोर लावला, कपाळाला घाम आणला आणि मग पक्कड उचलली. "आता पक्कडच लावतो. तुटला तर तुटला. लेन्सवर एखादा ओरखडा आला तर मात्र मला बोल लावू नका."

भावनाचा चेहरा उतरला. "थांब ना दादा. पप्पांची लेन्स हाय ती. अजून त्यांना काहीच माहीत न्हाई."

शेजारच्या दुकानात दुर्गाबाई कासारीण एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होती. तिची नजर बांगडीवर कमी आणि आमच्यावर जास्त होती.

"अरे, मुंडी मुरगाळून राह्यला का त्याची?" ती तिथूनच ओरडली.

"मावशी, हे कॅमेऱ्याचं हाय. बांगडी न्हाई," संघपाल हसला.

"गोल कडं हाय ना? मंग माझ्याच धंद्यातलं हाय. आण इकडं."

तिने मला डोळ्यांजवळ नेलं. "अडीचचं माप," ती पुटपुटली. माझ्या आयुष्यात मला कोणी पहिल्यांदाच इतकं निरखून पाहत होतं. बांगड्यांची खोकी बांधायला तिच्याकडे सायकलच्या ट्यूबचा पट्टा होता. तो तिने माझ्याभोवती बरोबर गोल गुंडाळला, मला खाली तोंड करून पांढऱ्या फडक्यावर धरलं आणि पाचही बोटं सगळीकडून सारखी टेकवली.

"बांगडी कधी दाबायची न्हाई, पोरी. दाबली की हात बी जातो अन् बांगडी बी. सगळीकडून सारखं धरायचं. अन् अडली तर आधी जराशी मागं न्यायची, मंग पुढं."

तिने मला आधी उलट, आत, किंचित नेलं. मग बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. अकरा वर्षांची हळद आट्यांतून भुरभुर खाली आली. कर्र झालं आणि मी सुटलो. सुटताना काचेचे तुकडे फडक्यावर पडले.

तेव्हा मी लेन्सला पहिल्यांदा पाहिलं, मित्रांनो. इतकी वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो! ती स्वच्छ होती, तिच्यावर एक ओरखडा नव्हता. माझं कुढणं तिथेच संपलं.

"फुटलाच शेवटी," भावना तुकड्यांकडे बघत म्हणाली.

दुर्गाबाईने कपाळाला हात लावला. "फुटला म्हणू न्हाई गं. बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो. हा बी वाढला."

भावना पर्स उघडायला लागली तशी दुर्गाबाईने तिचा हात धरला. "तू साहेबरावाची पोरगी ना? तोंडावळा तोच हाय. बदनापूरच्या कितीक नवरींना मी चुडा भरला. तुझ्या बापानं दर बारीला फोटो काढले. दरेक अल्बमात माझे हात हायेत, तोंड कुठंच न्हाई. काढायचा तर माझा एक फोटो काढ. तोंडाचा."

भावनाने कॅमेऱ्याला लेन्स लावली. दुर्गाबाईने पदर सारखा केला, हसणार नाही म्हणत म्हणत हसली, आणि माझ्याशिवायचा पहिला फोटो निघाला.

संध्याकाळी भावनाने मला साहेबरावांच्या तळहातावर ठेवलं आणि मंठ्याचं सगळं सांगून टाकलं. साहेबरावांनी आधी लेन्स खिडकीकडे धरून तपासली. मग थरथरत्या बोटांनी माझं चेपलेलं अंग चाचपलं.

"मार त्यानं खाल्ला, तू कामून रडतीस?" ते म्हणाले. "अन् अडकला तो माझ्यामुळं. जपायचं म्हणून इतका पिळला की जपायलाच इसरलो. नवा बसव, पण हलका. दर पौर्णिमेला काढून पुसत जा."

रविवारचं लग्न नव्या फिल्टरने झालं. तो पोरसवदा आहे, हलका बसतो, पौर्णिमेला अंघोळ केल्यासारखा चमकतो. मी स्टुडिओत खिळ्यावर असतो, दुर्गाबाईच्या फोटोशेजारी. माझ्यात काच नाही, म्हणून वारा आरपार जातो.

तेव्हा मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला घट्ट पिळून विसरू नका. अधूनमधून सोडवा, पुसा, पुन्हा हलक्या हाताने बसवा. आणि स्टुडिओत आलात, खिळ्यावरचं हे रिकामं कडं पाहून कोणी विचारलं, तर एवढं सांगा: तो फुटला नाही, वाढला.