श्वेताने बदललेला शेवट

मोतीबिंदू पिकल्यापासून रत्नप्रभाला अक्षर दिसेना, म्हणून मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दुपारी नात वाचायची आणि आजी ऐकायची. श्वेता अकरावीतली. पुस्तक तिच्याच वयाच्या पोरांसाठी लिहिलेली इंग्रजी रहस्यकथा. ती वाचत वाचत मराठीत सांगे. कुठल्याशा बर्फाळ गावातला एक बाप घरातून नाहीसा होतो आणि त्याची मुलगी सापडतील त्या खुणांवरून त्याला शोधत निघते.

आजीला आधी त्याचं काही वाटलं नव्हतं. पुढे मात्र ती दुपारची वाट बघू लागली. गिरणी बंद पडल्यावर तिचे यजमान, धाकू, काम बघून येतो म्हणून गेले ते परतलेच नव्हते. तिने कुंकू पुसलं नाही. दर पितृपक्षात मुलगा राजेश भीत भीत विचारी, बाबांचा दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकूया का? त्याशिवाय त्यांच्या नावाचं पान वाढता येत नव्हतं. म्हातारी त्याच्या अंगावर धावून जाई. जित्या माणसाला जाळतोस काय रे?

यंदा पितृपक्ष तोंडावर आला आणि पुस्तकही संपत आलं. पुस्तकातला बाप सापडला तर आपलेही यजमान येतील, असं तिने मनाशी धरलं होतं. बोलली नव्हती, पण श्वेताला कळलं होतं. आणि श्वेताने शेवट आदल्या रात्रीच वाचून टाकला होता.

त्या दुपारी तिने पुस्तक समोर धरलं आणि सांगितलं, दार वाजतं, मुलगी उघडते, बाप उभा. आत येऊन टेकतो आणि कुळथाची पिठी मागतो.

आजी हसली. मग हसू विरत गेलं. बर्फाच्या गावात कुळीथ कुठून आला, असं तिने विचारलं नाही. धाकूंना पिठी आवडायची हे तिनेच कधीतरी नातीला सांगितलं होतं.

"छापलेलां आसा तां वाच, बाय."

श्वेताने वाचलं. बाप पहिल्याच दिवशी तळ्याच्या बर्फाखाली गेला होता. खुणा मुलीच्या थोरल्या भावाने ठेवलेल्या, आईने अन्न सोडू नये म्हणून. एरवी असल्या शेवटावर ती मैत्रिणींशी तासभर बोलली असती. आता तिला ओळ पुरी करवेना.

आईला कधी कळलं, आजीने विचारलं.

"तिला पहिल्यापासून माहीत होतं, आजी. ती पोरांसाठी गप्प राहिली."



संध्याकाळी राजेश कामावरून आला, तसं तिने भटजींना फोन लाव म्हणून सांगितलं. इतकी वर्षं मागे लागलेला राजेश फोन हातात धरून बसून राहिला. नंबर समोर होता, बोट पुढे जाईना.

"राहू दे गं आई. पुढच्या वर्षी बघू."

"नको रे झिला," ती म्हणाली. "तेंका आणखी किती वर्सां उपाशी ठेवूचां?"