मांडीची सावड

दारू सोडायला माणसाच्या अंगी पोलादी निश्चय लागतो, असं आजवरच्या सगळ्या थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. निंबर्ग्याच्या अंकुशरावांच्या अंगी तो होता. गेल्या नऊ वर्षांत तो अकरा वेळा झाला होता, आणि दर वेळी तो साजरा करायला दोन-चार मंडळी हमखास जमली होती.

बाराव्या वेळी निश्चय झाला नाही. फोन आला.

फोन बीदरच्या मैलूर भागातून, त्यांच्या लेकीचा होता. दीपमाला एकुलती एक. तिचा मुलगा आता अकराव्या महिन्यात होता आणि त्याचं जावळ काढायचं ठरलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. दीपमालाला भाऊ नाही, तेव्हा तो मान आज्याकडे येत होता.

"अप्पा, तुमच्याच मांडीवर बसवायचंय," ती म्हणाली. "पण वस्तऱ्याचं काम असतंय. मांडी हलली न्हाई पायजे. हात बी न्हाई."

"मांडी कामून हलंल?"

"बारशाला कामून हलला होता?"

बारशाला अंकुशराव भाषण करायला उभे राहिले होते. बारशात भाषण नसतं, ही गोष्ट त्यांना त्या वेळी आठवली नव्हती. आधारासाठी त्यांनी पाळणा धरला आणि पाळणा त्यांच्यासकट कलंडला. बाळ आत्याच्या हातात होतं म्हणून वाचलं. पाळण्यात फक्त रिवाजाचा वरवंटा होता, तो व्याह्यांच्या पायावर पडला. व्याह्यांच्या अंगठ्याचं नख पुढे दोन महिने दोन्ही घरांत चर्चेत होतं. त्यानंतर नातवाला अंकुशरावांच्या हातात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मागितलंही नव्हतं.

"न्हाई तर," दीपमाला म्हणाली, "ह्यांच्या ऑफिसातल्या शिवशंकरला मामा म्हणून बसवायचं म्हणायलेत घरचे."

"तो पीत न्हाई का?"

"चा बी पीत न्हाई."

अंकुशरावांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. फोन ठेवलेला हात अजून फोनवरच असल्यासारखा थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई नवऱ्याला घेऊन आळंदला एका दवाखान्यात गेल्या. डॉक्टर विजयश्रींनी तपासलं, रोज किती घेता म्हणून विचारलं. अंकुशराव म्हणाले दारूची दोन पाकिटं. सुमनबाई म्हणाल्या चार. डॉक्टरांनी चार लिहिलं.

"आजपासून बंद," अंकुशराव घाईघाईनं म्हणाले.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या वर्षांची सवय एका दिवसात तोडली तर हात आणखी हलतील. फिटसुद्धा येऊ शकते. गोळ्या देते. हळूहळू उतरायचं, दर आठवड्याला माझ्याकडे यायचं. जावळ कधी आहे?"

"सात आठवडे हायेत."

"पुरेत. पण एकट्यानं करू नका. सोबत कुणी तरी ठेवा."

सुमनबाईंना हे सगळं पचायला जड गेलं. "म्हंजे डॉक्टरीणबाई, मीच ह्यांना मोजून पाजू?"

अंकुशरावांनी सोबतीला बळीरामाला निवडलं. हे ऐकल्यावर सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या! अहो, तुमची चार पाकिटं तर त्याची बी चारच!"

"म्हणूनच," अंकुशराव म्हणाले. "न पिणाऱ्याला काय कळतंय?"

बळीराम बांधाला बांध लागून असलेला शेजारी. वयानं चार वर्षांनी धाकटा, तुरीच्या रानात मात्र हात थोरला. दोघांची तीस वर्षांची सावड होती : आज तुझ्या वावरात मी राबतो, उद्या माझ्या वावरात तू. सावडीत मजुरी नसते. दिवसाला दिवस. आणि सगळं काम उरकलं की ज्याच्या रानात शेवट झाला त्यानं दुसऱ्याला पाजायचं, हा बापजाद्यांचा रिवाज. तो दोघांनी एकदाही मोडला नव्हता.

बळीरामाला बातमी बांधावरच कळली.

"मी कामून कमी करू?" तो म्हणाला. "माझ्या मांडीवर कोण बसायलंय?"

"सावड हाय बळीराम."

"कशाची?"

अंकुशराव बांधावर टेकले. ही गोष्ट त्यांनी रात्रभर मनात घोळवली होती. "आपल्या वावरात आपण काय करतो? निम्मी ओळ खुरपली की लिंबाखाली जातो. पण तुझ्या वावरात मी कधी बसलो का? दुसऱ्याच्या रानात कुचराई केली तर गाव थुकंल. आजपासून माझी संध्याकाळ तुझं वावर. तू खुरपायचं. तुझी संध्याकाळ मी खुरपतो."

बळीरामानं तुरीकडे पाहिलं. एखाद्यानं औताला बैल मागितला तर नाही म्हणता येतं. बैल लंगडायलाय म्हणावं. सावड मागितली तर नाही म्हणायची सोयच नाही.

"किती आठवडे?"

"सात."

"आयला," बळीराम म्हणाला. म्हणजे ठरलं. पुढच्या सोमवारी तोही मुकाट्यानं आळंदच्या दवाखान्यात बाकावर बसला. डॉक्टरांनी त्यालाही गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवसापासून गावानं एक नवं दृश्य पाहिलं. वीरेशच्या दारूच्या दुकानात दोघं बरोबर जायचे, आणि अंकुशराव बळीरामाची पाकिटं घ्यायचे, बळीराम अंकुशरावांची. पहिल्या आठवड्यात तीन-तीन. दुसऱ्या आठवड्यात अडीच, कारण बळीरामानं अंकुशरावांचं अर्धं पाकीट समोर उभं राहून मातीत ओतलं. वीरेश काऊंटरवरून वाकून पाहत होता.

"अण्णा, माल खराब निघाला का?"

"माल बरा हाय," बळीराम म्हणाला. "माणूस खराब हाय."

सुमनबाईंनी आपली परीक्षा वेगळी काढली. रोज सकाळी, हात सगळ्यात जास्त हलायच्या वेळी, त्या अंकुशरावांना पाटावर बसवायच्या, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी धरायला लावायच्या. समोर बळीराम कंगवा घेऊन न्हावी व्हायचा आणि तांब्याच्या कडेनं कंगवा फिरवायचा. पहिल्या आठवड्यात धोतर पिळावं लागलं.

"बाळ न्हालं," बळीराम म्हणाला.

"तू तोंड बंद ठेव. तुझा कंगवा बी हलायलाय."

"न्हावी हलला तर चालतंय. मांडी हलली न्हाई पायजे."

"हे कोण म्हणालं?"

"तुझी लेक."

"मी मैलूरला निघून जाईन हां," सुमनबाई दोघांनाही म्हणाल्या. "बाईला बस फुकट हाय. कवा बी जाईन." सरकारनं बायकांना बस फुकट केल्यापासून निंबर्ग्यात या वाक्याचं वजन बरंच वाढलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. बळीराम दावं मागायला अंकुशरावांच्या गोठ्यात गेला आणि गव्हाणीत कडब्याखाली त्याच्या हाताला एक पाकीट लागलं. न फोडलेलं. बैलाला त्यात काही रस दिसत नव्हता, तेव्हा ते कुणाचं हे उघड होतं.

अंकुशराव दारात येऊन उभे राहिले. बळीराम ओरडला नाही. तो गव्हाणीच्या कडेवर बसला आणि पाकीट गुडघ्यावर ठेवलं.

"अण्णा, हे वावर माझ्याकडं हाय न्हाई का?"

"हाय."

"तीस वर्षांत मी खुरपलेली एक ओळ कुणी परत खुरपली न्हाई. आता गाव म्हणंल, बळीरामानं गवत तसंच ठेवलं. वरून माती ओढली."

अंकुशरावांना बायकोचं रडणं माहीत होतं, लेकीचं अबोला धरणं माहीत होतं, व्याह्यांचं नख तर पाठ होतं. या सगळ्यावर त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. आपल्या पिण्यामुळे बळीरामाच्या खुरपणीला बट्टा लागेल, यावर मात्र त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"मग एवढं उपट," ते म्हणाले.

बळीरामानं पाकीट फोडून शेणात ओतलं. मग बाहेर बघत म्हणाला, "माझ्या कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं बी एक हाय. उद्या खुरपाय ये."

अंकुशराव त्याच दिवशी गेले.

चौथ्या आठवड्यात तांब्यातलं निम्मं पाणी तांब्यात राहिलं. पाचव्यात धोतरावर चार थेंब. डॉक्टर विजयश्रींनी गोळ्या कमी केल्या, आणि बळीरामाला जीभ बाहेर काढायला लावून म्हणाल्या, "तुमचं तर यांच्यापेक्षा चांगलं चाललंय." परतीच्या बसमध्ये अंकुशराव बळीरामापासून दोन बाकं सोडून बसले. सहाव्या आठवड्यात दोघांचंही पाकीट शून्यावर आलं. वीरेशनं दोनदा माणूस पाठवून तब्येत विचारली.

आणि मग वेळा अमावास्या आली.

या दिवशी आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. सगळा मुलूख रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पूजा मांडायची, आंबिल-भज्जी-उंडे खायचे आणि पिकाला आंबिलीचा शिडकावा करत रानभर फिरायचं. दोन्ही घरांनी बांधावर एकच कोप केली होती. पूजा झाली. सुमनबाई आंबिलीचं मडकं घेऊन बसल्या. तेवढ्यात बळीराम कोपीत शिरला, मागच्या पेंढीत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेली एक भरलेली बाटली काढून अंकुशरावांपुढे ठेवली. पाकीट नव्हे, काचेची बाटली. खोक्यासकट. असली निंबर्ग्यात मिळत नाही. बळीराम ती आणायला कलबुर्गीला गेला होता.



"हे काय?" सुमनबाईंनी विचारलं.

"पाकीट शून्यावर आलं. सावड संपली न्हाई का काल," बळीराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका साधा आनंद होता की सुमनबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली. "माझ्या संध्याकाळी अण्णानं सहा आठवडे राबून साफ केल्या. एक थेंब न्हाई माझ्या अंगात. मग अण्णाला पाजाय नको का? रिवाज हाय."

"अरे मुडद्या, दारू सोडली म्हणून दारू?"

"मग काय चा पाजू? तीस वर्षांत मी कधी रिवाज मोडला न्हाई, वैनी."

जावळ आठ दिवसांवर होतं. पौषात जावळ काढत नाहीत असं व्याह्यांच्या आईचं मत होतं. पण जावयाला रजा पौषातच मिळत होती, त्यामुळे पौष मागे सरला होता.

अंकुशरावांनी बाटली उचलली. उन्हात धरली. झाकणावर बोटं ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं की बोटं हलत नाहीयेत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना झाकण नीट धरता येत होतं. उघडायला हात इतका चांगला कधीच नव्हता. सुमनबाई मडक्याच्या काठाकडे पाहत होत्या. फुकटच्या बसचं नाव त्यांनी काढलं नाही.

नकार द्यावा तर बळीरामाची सावड नाकारल्यासारखं. घ्यावी तर शिवशंकर मामा.

"बळीराम," अंकुशराव शेवटी म्हणाले, "खुरपणी झाली म्हणून पाजतात का रं?"

"न्हाई. खळ्यावर दाण्याची रास झाल्यावर."

"मग रास झाली का?"

बळीरामानं समोर पाहिलं. तूर उभीच होती. "न्हाई."

"मग आताच कामून काढलास? शेवट व्हायच्या आधी पाजणं हा कुठला रिवाज? तुझ्या बापानं कधी पाजलं का?"

बळीराम ओशाळला. रिवाजात आपण चुकलो, हे त्याच्या खरोखर जिवाला लागलं. "चुकलं अण्णा. पण मग ही रास कवा व्हायची?"

"बघू. पीक अजून अकरा महिन्यांचं हाय."

सुमनबाईंनी बाटली घेतली, पदराखाली घातली आणि घरी जाऊन ज्वारीच्या कणगीत तळाशी सारली. मग तिघांनी आंबिलीचा शिडकावा करत रानाला फेरी घातली. बळीराम सगळ्यात मोठ्यानं आरोळ्या देत होता.

जावळाच्या दिवशी तिघं मैलूरला पोचले. व्याह्यांनी अंकुशरावांना पाहून पाय नकळत मागे घेतले. शिवशंकर आलेला होता, नवा शर्ट घालून, अगदी तयारीत. दीपमाला बापाजवळ आली, एकदा हातांकडे पाहिलं, एकदा तोंडाजवळ जाऊन वास घेतला.

"अप्पा, बसा पाटावर."

तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. अंकुशरावांनी तांब्या धरायचे तसे दोन्ही हात धरले. बाळानं वर पाहिलं, त्यांच्या मिशीचं एक टोक धरून ओढलं आणि ते हातात ठेवूनच झोपून गेलं. अंकुशराव हलले नाहीत. मिशी ओढलेली असतानाही नाही. बळीराम दारातून बघत होता, एखाद्यानं आपलं खुरपलेलं रान बघावं तसा.

"रास झाली का अण्णा?" त्यानं हळूच विचारलं.

"दात बी आले न्हाईत नीट," अंकुशराव ओठ न हलवता म्हणाले.

मग नागेश आला. मैलूरला त्याचं सलून आहे. त्यानं पिशवी उघडली. वस्तरा नव्हता. लहान मुलांना आता वस्तरा कुणी लावत नाही, तो म्हणाला, आणि बॅटरीवरची मशीन काढली. चार मिनिटांत जावळ निघालं. मशीनच्या खोक्यावर लिहिलं होतं की ती मिनिटाला सहा हजार वेळा थरथरते.