बिनऔषधाचे सहा

छप्पन्न साली घाटकोपरच्या आमच्या प्रयोगशाळेत बारा ससे होते. सगळ्यांच्या पाठीवर सारखीच जखम मी स्वतः केली होती. सहा सशांना रोज दगडीपाल्याचा अर्क लावायचा आणि सहांना काहीच नाही; फरक दिसला तर औषध खरं.

आठव्या दिवशी बाराही जखमा सारख्याच भरलेल्या! मी पट्टीने मोजल्या, येरझाऱ्या घातल्या, परत मोजल्या. डोकं फिरायची पाळी आली. तेवढ्यात एका बिनऔषधाच्या सशाच्या पाठीवर हिरवा चोथा चिकटलेला दिसला.

"धाकू!" मी ओरडलो.

पिंजरे सांभाळणारा धाकू झाडू घेऊनच आला. "कुंपणाकडचो दगडीपालो वाटून मियाच लावलंय. त्येंनी काय पाप केल्यानी?"

"वाट लावलीस रे! आता नवे बारा ससे, नव्या बारा जखमा. कळतंय का तुला?"

त्याचा चेहरा पडला.

तिसऱ्या दिवशी नवे ससे आले. पाठ भादरायला मी वस्तरा उचलला, तसा धाकू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "साहेब, ह्या खेपेक कोणच्या सशांक औषध नाय, तां माका सांगू नकात."