केशर-अंबरला इस्त्री

साठी उलटली तरी सासरच्या गोतावळ्यात ती धाकटीच राहिली. नवऱ्यामागे इस्त्रीचं दुकान तिने एकटीने ओढलं, मुलाला मार्गी लावलं. पण थोरल्या जाऊबाईंना त्यातलं काही दिसलं नाही. ती कुठे आत शिरली की तिच्या अंगाला कपड्यांच्या खळीचा वास येतो असं दाखवत त्या नाकाशी हात नेऊन म्हणायच्या, "आली बाई आमची खळ." बाकीच्या हसायच्या. वर्षानुवर्षं हसत आल्या, दात पडले तरी.

आता जाऊबाईंच्या नव्या घरी जेवण होतं, आणि धाकटीने मनाशी ठरवलं होतं की या वेळी आपल्याबरोबर खळीचा वास जाणार नाही.

तिच्या सुनेने तिला अत्तराच्या दुकानात नेलं आणि जाऊबाई लावतात त्या महागड्या अत्तराचं नाव सांगितलं. काचेवर दोन बाटल्या आल्या, दोन्ही केशर-अंबरच्या, दोन्ही खिशाला झेपणाऱ्या. त्या महागड्या बाटलीची ही सख्खी भावंडं, असं विक्रेता म्हणाला.

"सारखीच आहेत, तर दोन कशाला?"

"ही जास्त गोड आहे, मावशी. ती उबदार."

"उबदार म्हणे. पांघरायची आहे का?"

सुनेला गोड आवडली. विक्रेत्याने कागदाच्या पट्ट्या हुंगायला दिल्या. "कागदाला कुठे घाम येतो?" म्हणत धाकटीने दोन्हींच्या नमुन्याच्या कुप्या मागून घेतल्या आणि तडक आपलं दुकान गाठलं. दोन पांढऱ्या रुमालांवर थेंब टाकून तिने इस्त्री तापत ठेवली.

"आई, अत्तराला कोण इस्त्री करतं?"

"माणूस गरमच असतो गं. त्यात त्यांच्याकडे दहा जणांत दाटीने बसायचं."

पहिल्या रुमालावर इस्त्री टेकली आणि करपलेल्या पाकाचा असा भपकारा उठला की शर्ट न्यायला आलेलं गिऱ्हाईक शिंकत बाहेर पळालं. "तुझी गोड," धाकटी म्हणाली. दुसऱ्याचा आधी औषधासारखा कडवटपणा उडाला. मग केशर उरलं, आणि त्याखाली उन्हात तापलेल्या जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी. तिने रुमाल बराच वेळ नाकाशी धरला. सून जाऊन तीच बाटली घेऊन आली.

जेवणाच्या दिवशी जाऊबाई दारातच उभ्या होत्या, त्यांच्या पुढे चार पावलं त्यांचं अत्तर. त्यांनी धाकटीला जवळ घेतलं, हुंगलं, आणि थबकल्या. सगळ्या बायका खळीची वाट पाहत होत्या.

"अगं बाई," जाऊबाई खूश होऊन म्हणाल्या, "नुसतं गळ्यात पडलीस तर माझा वास लागला बघ तुला. भारी वस्तूचं असं असतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सुनेने तोंड उघडलं. धाकटीने तिचा हात दाबला.

"हो ना, जाऊबाई," ती म्हणाली. "तुमचं नाक पहिल्यापासूनच तयार."

आणि ती मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.