हे आता थांबत नाहीत

शुश्रूषासदनाच्या नियमावलीत माणसांचे दोनच प्रकार होते: कर्मचारी आणि अभ्यागत. कर्मचाऱ्याने घास भरवला की ती सेवा. अभ्यागताने भरवला की हस्तक्षेप. ज्याला भरवण्याचा पगार मिळत नाही आणि जो निव्वळ भेटायलाही आलेला नाही, असा तिसरा प्रकार असू शकतो, ही शक्यता नियमावली लिहिणाऱ्याला सुचली नसावी. किंवा सुचली असल्यास त्याने ती सुसंस्कृत माणसाला शोभेल अशा हळुवार हाताने खोडून टाकली असावी. त्या खोडलेल्या जागेत कवळीवाले उभे होते. म्हणजे प्रत्यक्षात ते सदनाच्या मागच्या अंगणात, तळमजल्यावरच्या एका बंद खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभे होते, आणि काचेपलीकडे त्यांची पत्नी पुढ्यातला चमचा तोंड फिरवून नाकारत होती.

कवळीवाले हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. उभी हयात त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या. मेणात ठसा घ्यायचा, साचा ओतायचा, गुलाबी हिरडीवर एकेक दात बसवून घासायचा. पाटीवर नाव डॉक्टरांचे असे आणि तोंडात काम ह्यांचे. मोहल्ल्यातली निम्मी म्हातारी माणसे त्यांच्या दातांनी हसत, आणि उरलेली त्यांच्याच दातांनी एकमेकांना चावत. "जगाच्या तोंडात तुम्ही," पत्नी म्हणायची, "आणि घरात तुमच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते!"

मग तिच्या मेंदूत एक रक्तवाहिनी फुटली. जीभ वाचली, स्मरणाची पानेही बऱ्यापैकी वाचली; गिळण्याची वाट मात्र अर्धी बधिर झाली. त्या दिवसापासून घरातला न बोलणारा माणूस बोलू लागला. "घे," ते म्हणत आणि चमचा तोंडाच्या जागत्या बाजूला नेत. "गिळ," म्हणताना त्यांचा अंगठा तिच्या हनुवटीखाली असे. गळ्याची घाटी वर चढून पुन्हा खाली येईपर्यंत ते थांबत. "झालं?" तिने मान हलवली की पुढचा घास. कधी कधी ही घाटी चढायला इतका वेळ घेई की सूप निवून जाई. ते पुन्हा गरम करत आणि पुन्हा थांबत. त्यांच्या पाठीने दगा दिला, तिला उचलणे अशक्य झाले, तेव्हा सदन आले. पण सदनातही दर जेवणाला हेच येत, आणि कोणी हरकत घेत नसे, कारण तेवढेच एक काम कमी होत असे.

पुढे श्वासाच्या रोगाची साथ आली आणि दारे बंद झाली. साथ गेली, दारे बंदच राहिली. नियमाला यायला कारण लागते, राहायला लागत नाही. बंदीच्या काळात रहिवासी अधिक शांत असल्याचे निदर्शनास आले होते. स्मशानांविषयीही असे निदर्शनास येत असावे.

व्यवस्थापिका दुष्ट बाई नव्हती. दुष्ट माणसाशी भांडता येते. नीटनेटक्या माणसाशी भांडण सुरूच होत नाही. कवळीवाल्यांना तिने खुर्ची दिली, पाणी दिले.

"आजोबा, तुमची तळमळ कळते हो मला. पण तुम्हाला एकट्याला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल."

"मग सोडा की सगळ्यांना."

"तसं कसं बरं!"

"अहो, ती उपाशी राहतेय."

"उपाशी नाही हं. नाकारतात त्या. आम्ही वेळच्या वेळी समोर ठेवतो."

"समोर ठेवलेलं तिला गिळता येत नाही. तिच्यासाठी थांबावं लागतं."

"प्रत्येकासाठी थांबत बसलो तर दुपारचं जेवण रात्री होईल, आजोबा." ती मनापासून हसली. मग तिला ती कल्पना सुचली. "त्यांना तुमच्या आवाजाची सवय आहे ना? मग आवाज रेकॉर्ड करून द्या आम्हाला. लावू रोज जेवताना."

चूक इथे झाली, आणि ती कवळीवाल्यांनी केली. त्यांनी मानहानी म्हणून नव्हे, काम म्हणून ही गोष्ट अंगावर घेतली. आपल्या जुन्या खोलीत, मेणाच्या वासात, समोर रिकामे स्टूल ठेवून ते बसले. अंगठा हवेत धरला. "घे. गिळ." मग नसलेल्या गळ्यातली घाटी वर चढून खाली येईल इतका वेळ सोडला. "झालं? शाब्बास. आता पुढचा." मनासारखे होईपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा केले, आणि शेवटचे उतरले तेव्हा त्यांना चक्क अभिमान वाटला. जन्मभर साचे घेणाऱ्या माणसाला साचा म्हणजे तोंड नव्हे, हे सर्वांत उशिरा कळते.

उपाय लागू पडला. वजन उतरायचे थांबले.

"बघा!" व्यवस्थापिका म्हणाली. "तुम्ही न येता तुम्ही आलात!"

परदेशातून लेकीचा फोन आला. "बाबा, आता तरी जरा स्वस्थ बसा ना. आई जेवतेय ना? मग झालं तर." खरेच, मग काय राहिले होते? त्यांच्या गैरहजेरीची उपयुक्तता सिद्ध झाली होती, आणि पुरावा त्यांनीच स्वतःच्या घशातून काढून दिला होता.

ते अंगणात मात्र जात राहिले. तिथून त्यांना दिसे की पत्नी आता खिडकीकडे वळत नाही. ती छताच्या कोपऱ्याकडे पाही. तिथे कर्णा बसवला होता. ती घास घाईघाईने चावे, घाईघाईने गिळे, मध्येच वर पाहून काही बोले आणि ठसका लागून लाल होई. काच जाड होती, शब्द बाहेर येत नसत. एका सकाळी तिची नजर चुकून काचेवर गेली. कवळीवाल्यांनी हात हलवला, हाक मारली. तिने चांगला हात उचलला आणि त्यांना वाटले, ती ओळख देते आहे. तिने तो हात डोळ्यांवर ठेवला, आणि ते निघून जाईपर्यंत काढला नाही.

चादरी वाळत घालायला मागे येणाऱ्या मावशीनेच शेवटी सांगितले. हीच मावशी पत्नीला भरवत असे.

"आजोबा, एक सांगू? रागवायचं नाही."

"बोला."

"आजी म्हणतात, आमचे हे गेले."

"कुठं गेले?"

"गेले म्हणजे..." मावशीने चादर झटकली. "गेलेच की हो."

"अहो, पण रोज आवाज ऐकते ना माझा!"

"त्यावरूनच तर! म्हणतात, होते तेव्हा माझा घास उतरेपर्यंत थांबायचे. हे आता थांबत नाहीत. मी म्हणते, अहो, थांबा ना जरा, तरी आपलं पुढचा, पुढचा. जिवंत माणूस असं करेल का, मावशी? असं म्हणतात आजी. आणि मग तुम्ही हे असे काचेत दिसता. तोंड हलतं नि आवाज नाही. मीसुद्धा एकदा दचकले, खोटं कशाला बोलू!"

कवळीवाले त्या रात्री जेवले नाहीत. पत्नीच्या विचारात त्यांना एकही चूक सापडेना, आणि हेच भयंकर होते. आवाज एकीकडे, त्याला देह नाही. देह एकीकडे, त्याला आवाज नाही. बोलावल्यावर ऐकत नाही, विनवल्यावर थांबत नाही, खिडकीशी येऊन उभा राहतो. यापेक्षा वेगळे भूत कशाला म्हणतात? त्यांना कोणी मारले नव्हते. नियमाने त्यांची फक्त दोन भागांत विल्हेवाट लावली होती, आणि पत्नीने, बिचारीने, त्या दोन भागांची प्रामाणिक बेरीज केली होती.

पुढच्या ऋतूत वरून परिपत्रक आले. शुश्रूषा करणाऱ्या एका नातलगास भोजनसमयी प्रवेश द्यावा, असे त्यात म्हटले होते. परंतु रहिवाशाची स्पष्ट संमती असल्यासच.

"संमती मला स्वतः घ्यावी लागेल, समोर उभं राहून," व्यवस्थापिका म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं तर माझा नाइलाज आहे हं. मग हा विषय संपला."

भर दुपारी ते दोघे ओवरीसारख्या लांब मार्गातून निघाले. फरशी नुकतीच पुसलेली होती. दोन्ही बाजूंच्या दारांमागून बोलणे ऐकू येत होते, आणि कवळीवाल्यांना आधी बरे वाटले की आज बऱ्याच जणांना माणसे भेटायला आली आहेत. मग एका दारापाशी त्यांची पावले अडखळली. "आई, गोळी घेतलीस ना? मी उद्या येते हं." क्षणभर शांतता. "आई, गोळी घेतलीस ना? मी उद्या येते हं." पुढच्या दारामागे एक पुरुष बापाला हसून रागावत होता, आणि ते हसू पुन्हा त्याच जागी फुटत होते.

"तुमचीच कल्पना," व्यवस्थापिका कौतुकाने म्हणाली. "सगळीकडे लावली आम्ही. फार छान गुण आलाय."

खोलीत पत्नी टेकून बसली होती. मावशीच्या हातात चमचा होता, आणि छताच्या कोपऱ्यातून कवळीवाले बोलत होते. "घे. गिळ." ते दारात उभे राहून स्वतःला ऐकू लागले. तो आवाज त्यांच्यापेक्षा तरतरीत होता. त्याला पाठदुखी नव्हती.

"अगं," ते म्हणाले.

तिने पाहिले. चमच्यावरचे सूप चादरीवर सांडले.

"मावशी, ते आत आले! मावशी, दार कुणी उघडलं?"

"अहो आजी, आजोबाच आहेत! खरेखुरे आहेत! हात लावून बघा."

"झालं? शाब्बास," छत म्हणाले.

"बंद करा ते," कवळीवाले म्हणाले.

"नका हो!" ती किंचाळली. "तेवढंच उरलंय त्यांचं!"

मावशीचा हात बटणापाशी घुटमळला. तिने व्यवस्थापिकेकडे पाहिले. मग न विचारताच बटण दाबले. खोलीत अशी शांतता झाली की शेजारच्या भिंतीमागचे "उद्या येते हं" स्वच्छ ऐकू आले. पत्नी रडू लागली.

"आजी त्रास करून घेतायत," व्यवस्थापिका हळू आवाजात म्हणाली. "आजोबा, मला वाटतं, आपण हे इथेच थांबवावं."

कवळीवाल्यांना कळले की पुढच्या वाक्यावर सगळे अवलंबून आहे. मी जिवंत आहे, असे म्हणता आले असते. ते खरे होते, आणि खरे असण्यापलीकडे त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. त्यांनी स्टूल ओढले आणि तिच्या जागत्या बाजूला बसले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "गेलो मी."

रडणे थांबले. तिने त्यांना नीट, वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मला वाटलंच होतं. लपवतात मेले सगळे. फार त्रास झाला का हो?"

"नाही. कळलंसुद्धा नाही मला."

"तुम्हाला कुठलं कळणार! आणि इतके दिवस कुठं होतात?"

"बाहेर. आत सोडत नव्हते."

"तिथंसुद्धा?"

"तिथंसुद्धा."

ती हसली. अर्धेच तोंड हसले, पण ते हसू भिंतीमागच्या हसण्यासारखे नव्हते. दुसऱ्यांदा आले नाही. कवळीवाल्यांनी मावशीकडून वाटी घेतली. अंगठा हनुवटीखाली गेला. अंगठा गार होता, आणि तिने ते गृहीतच धरले असावे.

"घे. गिळ."

घाटी हलेना. ते थांबले. व्यवस्थापिकेने पाय बदलला, मनगटाकडे पाहिले, पुन्हा पाय बदलला. ते थांबले. घाटी चढली, कडेलोटाच्या टोकावर रेंगाळावी तशी रेंगाळली आणि उतरली.

"झालं?"

तिने मान हलवली आणि डोळे भरून त्यांच्याकडे पाहत राहिली. "थांबलात," ती म्हणाली.

व्यवस्थापिकेने घसा साफ केला. "आजी, एक विचारायचं होतं. यांना रोज जेवताना येऊ द्यायचं का? तुमची हरकत नाही ना?"

"कमालच आहे बाई तुझी," पत्नी म्हणाली. "आता यांना कोण अडवणार?"

हे उत्तर परिपत्रकाच्या चौकटीत बसते, असा निर्णय व्यवस्थापिकेने तत्काळ घेतला. संमती मिळाल्याची नोंद करायला ती निघून गेली. एका जिवंत माणसाला त्याच्या बायकोजवळ बसण्याचा हक्क मिळाला होता; त्यासाठी त्याला केवळ मरावे लागले होते, आणि कागदोपत्री त्याचा कुठे उल्लेखही नव्हता.

ते रोज येऊ लागले. सदनाच्या बाहेर ते भाजी घेत, पाठीला तेल लावत, लेकीशी फोनवर बोलत. पायरी चढली की मृत होत. पत्नीचे गाल भरले. तिला तिकडच्या गोष्टी ऐकायच्या असत आणि ते जमेल तसे रचत: तिकडे सगळ्यांना आपले स्वतःचे दात परत देतात, त्यामुळे मला काम नाही. "म्हणजे बसून खाता!" ती म्हणायची. एखादा दिवस ते तिला सगळे खरे सांगायचे ठरवून येत, आणि चमचा दिसला की तो भरायला घेत.

एका दुपारी वाटी अर्धी झाली असताना तिने चांगल्या हाताने त्यांचे मनगट धरले.

"अहो, एक विचारू? नेहमी असे येता नि एकटेच जाता. मला कधी नेणार?"

मावशी खिडकी पुसत होती. शेजारच्या खोलीत कुणीतरी उद्या यायचे कबूल केले. कवळीवाल्यांनी वाटीत पाहिले, चमचा भरला, आणि तो तिच्या ओठांपाशी नेला.

"विचारून बघितलं मी," ते म्हणाले. "परवानगी नाही देत अजून."

"नियम असतील त्यांचे," ती समजुतीने म्हणाली, आणि तिने तोंड उघडले.